जनरलच्या यादीतलं नाव

धान पिवळं पडायला लागलं की मला कपात चमचा फिरल्याचा आवाज येतो. बायकोचं म्हणणं, कानात मळ झाला असेल, दाखवून या. गेलो दाखवायला. डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि वयाच्या मानानं कान चांगले आहेत म्हणाला. आवाज दिवाळीच्या पाडव्याला येतो आणि होळीला जातो. मळ एवढी वेळ पाळत नाही.

यंदाही आला. परवा सकाळी सायकलवरून वाचनालयाकडे निघालो होतो. सावली गावाच्या बाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान कापून आडवं टाकलेलं, त्यावर वैनगंगेकडून आलेलं धुकं बसलेलं, आणि धुक्यात कुठेतरी बाया बोलत होत्या. बाया दिसत नव्हत्या, विळे दिसत नव्हते. नुसतं बोलणं आणि कापल्याची खरखर. कापलेल्या धानाचा वास ओला, गोडसर आणि जरासा कुबट असतो. तो नाकात शिरला आणि त्याच्या मागोमाग चमचा वाजला. तीनदा. मी सायकलवरून उतरलो आणि उगाच मागे वळून पाहिलं.

भ्यालो होतो, लपवून काय करायचं.

आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की नाटकं सुरू होतात. गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाहुणेरावळे, मग जेवणं आटोपली की नाटक, आणि ते थेट दिवस उजाडेपर्यंत. कंपनी आज या गावात तर उद्या त्या गावात. तालमीला वेळ कोणाला? म्हणून प्रॉम्प्टर लागतो. स्टेजच्या डाव्या अंगाला पडद्याआड एक माणूस मांडीवर वही घेऊन बसतो आणि प्रत्येक वाक्य आधी तो कुजबुजतो, मग नट ते मोठ्यानं बोलतो. लोकांना वाटतं राजा बोलून राहिला. राजा कशाचा बोलतो! सत्तावीस हंगाम तो पडद्यामागचा माणूस मी होतो. दिवसा सावलीच्या वाचनालयात पुस्तकं द्यायची आणि घ्यायची, हंगामात राजांना, दरोडेखोरांना आणि खाष्ट सासवांना बोलतं करायचं. माझा आवाज आजवर कोणी ऐकला नाही, हे मी चारचौघांत मोठ्या दिमाखानं सांगत असे.

जनरल मला सापडला तो वाचनालयातच. वनखात्यातले एक साहेब निवृत्त होऊन गाव सोडून गेले आणि जाताना पुस्तकांची पाच खोकी आमच्या दारात ठेवून गेले. त्यात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. पुठ्ठा नाही, पहिली वीसेक पानं नाहीत, कडा झुरळांनी खाल्लेल्या. ज्याला मुखपृष्ठ नाही त्याची नोंद कशी करायची, या चिंतेनं मी ते वाचायला घेतलं आणि शब्दकोश शेजारी ठेवून दोन पावसाळे वाचत बसलो. लिहिणारा होता एका जनरलच्या हाताखालचा लिपिक. सगळ्या पुस्तकभर तो ‘माझे जनरल’ एवढंच म्हणतो. नाव पहिल्या पानांवर असणार, आणि ती पानं तर झुरळांनी नेली. ज्या माणसानं रोज इतकी नावं वाचली, त्याचं स्वतःचं नाव मला अजून माहीत नाही.

स्पेन म्हणून देश आहे, तिथं नव्वदेक वर्षांमागे यादवी पेटली. फौजेचे दोन तुकडे झाले, गल्लीचे दोन तुकडे झाले, काही घरांचेही झाले. हा जनरल दक्षिणेतल्या एका गावच्या छावणीचा मुख्य. तरुणपणी आफ्रिकेत लढलेला, गुडघ्यात गोळी राहून गेलेली, हवा पालटली की लंगडायचा. घरी बायको, दोन मुली आणि गॅलरीत लाल फुलांच्या कुंड्या. बंड झालं त्या दुपारी तीन अधिकारी त्याच्या खोलीत आले आणि विचारते झाले, तुम्ही कोणीकडचे? जनरल म्हणाला, जेवून सांगतो. घरी गेला, जेवला, रोजच्यासारखा अर्धा तास लवंडला, उठून कुंड्यांना पाणी घातलं आणि मग परत येऊन त्यानं बंडवाल्यांच्या बाजूनं सांगितलं. लिपिक लिहितो, त्या दुपारी ताटात काय काय होतं ते मी आजही सांगू शकेन, पण साहेबांच्या मनात काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या दिवसापासून रोज सकाळी यादी यायची. गावातला मास्तर, छापखानेवाला, रेल्वेतले मजूर, कोणाचं तरी नाव कोणीतरी सांगितलेलं. जनरल टेबलाशी बसायचा, कॉफीत साखर टाकायचा, चमचा फिरवत एकेक नाव मोठ्यानं वाचायचा आणि शेवटी खाली सही करायचा. सही झाल्याशिवाय कॉफी तोंडाला लावायची नाही, असा नेम. ज्यांची नावं वाचली ती माणसं पुढच्या पहाटे भिंतीशी उभी केली जायची. एका सकाळी यादीत त्याच्या शिकत्या वयातल्या जिवलग मित्राचं नाव आलं. चमचा थांबला. लिपिकाला वाटलं, आता हे नाव कटणार. जनरलनं आणखी एक चमचा साखर घातली आणि पुढचं नाव वाचलं.

आणखी एक गोष्ट त्या पुस्तकात होती. त्या लढाईत आपल्या बाजूच्या मेलेल्यांची नावं चौकात पुकारायची आणि जमलेल्या जिवंत माणसांनी मेलेल्याच्या वतीनं ओरडायचं, ‘हजर!’ मी ते दोनदा वाचलं, अंगावर काटा आला, आणि नाटक लिहिताना गाळून टाकलं. आपल्या लोकांना हे काय समजणार, असं मला वाटलं. पुस्तकं सांभाळणाऱ्याला शहाणपणाची खाज जरा जास्तच असते.

हो, नाटक मीच लिहिलं. आयुष्यात एकच. जनरल झाले नामदेवभाऊ. सावलीच्या बसस्टँडजवळ त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, हाताला कायम ग्रीस, पण आवाज असा की पंक्चरचा भाव सांगितला तरी गिऱ्हाईक सावधान उभं राहायचं. घोडं अडलं ते कपड्यांवर. मूल गावच्या रशीदभाईंनी आमच्या कंपनीचे तीस वर्षं कपडे शिवले, राजाचा अंगरखा दोन तासांत उभा करणारा माणूस, तोही डोकं धरून बसला. खाकी शिवावा तर पोलीस होतो. हिरवा शिवावा तर आमच्या भागात हिरव्या कपड्यात कोण फिरतं हे पोरंही जाणतात, आणि त्यांतही दोन बाजू आहेत, एक जंगलातली, एक सरकारची. निळा म्हणजे शाळेचा वॉचमन. शेवटी रशीदभाईंनी लग्नात वाजवणाऱ्या एका बंद पडलेल्या बँडपथकाचा मरून रंगाचा कोट काढला, सोनेरी झालरी उसवल्या, छातीवर चार बिल्ले ठोकले. नामदेवभाऊ तो घालून उभे राहिले तर वरातीला उशीर झालेला बँडवालाच. आम्ही पोट धरून हसलो. पण तेच भाऊ टेबलाशी बसून चमचा फिरवायला लागले आणि माइकमधून तो एवढासा टिणटिण आवाज मांडवभर गेला, तेव्हा रशीदभाई हळूच म्हणाले, “भाऊ, इसको अब मत हसो.”

पहिल्या खेळाला मी यादीत स्पेनमधलीच नावं ठेवली होती. पेद्रो, मिगेल, अंतोनियो. लोक खुदुखुदू हसले. नामदेवभाऊ म्हणाले, आपल्याकडची नावं टाका, नाईतर कोणाच्या काळजाला हात लागत नाई. टाकली. दुसरा खेळ सावलीजवळच्या एका गावात. पहाट झालेली, बायका चादरीत, पोरं पेंगलेली. जनरलनं चमचा फिरवला आणि वाचलं, “रामदास.” तिसऱ्या रांगेतून एक माणूस धडपडत उठला आणि हात वर करून म्हणाला, “हाव जी!”

सारा मांडव हसला. त्याला दोष कसा द्यायचा? रस्त्याचं काम असो, तेंदूपत्ता असो, नाहीतर रेशनची रांग, आमच्या माणसानं जन्मभर हेच पाहिलेलं. टेबल, कागद, पेन आणि टेबलामागे बटणांच्या कोटातला माणूस. नाव पुकारलं की हाव म्हणायचं, नाहीतर दिवस बुडाला. रामदास झोपेतून उठून हजेरी देऊन मोकळा झाला. नामदेवभाऊ जुने नट, चेहऱ्यावरची माशी हलू न देता त्यांनी सही केली.

सतरा-अठरा दिवसांनी तो रामदास बांधावर काड्या वेचायला गेला आणि त्याला वाघानं नेलं.

आमच्या भागात वाघानं माणूस नेणं ही बातमी असते, नवल नसतं. हे मी दहा जणांना समजावलं. पण लोक म्हणायचं ते म्हणालेच, की जनरलनं सही केली होती. पुढच्या गावात मंडळाची माणसं दुपारीच भेटायला आली आणि हात जोडून म्हणाली, नाटक करा, पण ही नावं घेऊ नका. त्यांनी पुढे केलेला कागद पाहिला तर त्यावर सगळं गाव उतरवलेलं. मग आम्ही परत पेद्रो आणि मिगेलवर आलो. गंमत अशी, की आता त्या नावांनाही कोणी हसेना. जनरलनं “पेद्रो” म्हटलं की बायका पोरांची डोकी चादरीखाली ओढून घ्यायच्या.

त्याच हंगामातलं हे. चार वर्षं झाली. धानोऱ्याच्या पुढे, रस्ता संपून नुसती वाट उरते तिथलं एक गाव. दुपारी मी स्टेजवर पोहोचलो तेव्हा फळ्या ठोकणं चालू होतं आणि माझ्या बसायच्या जागेशी, डाव्या अंगाला, एक म्हातारी बाई जमिनीवर बसली होती. मंडळाचा माणूस म्हणाला, ही जैनीबाई, चार कोसांवरून चालत आली, सकाळपासून इथंच बसून आहे, कोणाशी बोलत नाई. माझ्याशी बोलली. मागच्या आठवड्यात तिनं शेजारच्या गावात आमचं नाटक पाहिलं होतं, तेही बाजूला बसून. सगळे लोक जनरलकडे पाहत होते, आणि ही मला.

“जनरल तुमचंच आयकते ना, भाऊ?”

सत्तावीस वर्षांत मला हे विचारणारं पहिलं माणूस. मी फुगलो, आणि हो म्हणालो.

“मंग त्याले एक नाव घ्याले लावा. लालसू.”

लालसू तिचा मुलगा. त्याच्याही सात वर्षं आधी, मळणीच्या दिवसांत, दोन माणसं घरी आली. जेवली. पुढच्या गावची वाट विचारली. लालसू वाट दाखवायला त्यांच्याबरोबर गेला तो गेलाच. मी विचारलं, कोणाकडची माणसं होती? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळा ठरलो. हिरवे कपडे होते म्हणाली, आणि जेवून गेले. ठाण्यात विचारलं, आमच्याकडे नाही. जंगलात निरोप धाडला, आमच्याकडेही नाही.

त्यांच्या गावात माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड उभा करतात. गावाबाहेर तसे कितीतरी उभे आहेत, काही छातीएवढे. लालसूचा दगड नदीतून निवडून बैलबंडीवर आणला होता, तो सात वर्षं अंगणात आडवा पडलेला. देह मिळाला नाही तर तिथली रीत अशी, की चार लोकांत नाव तीनदा पुकारायचं. जवाब आला नाही तर दगड उभा करायचा. जवाब आला तर करायचा नाही. गावकरी म्हणत होते, पुकारून मोकळी हो. सून बिचारी ना माहेरची ना सासरची, तिचं लग्न दुसरीकडे लावता येत नव्हतं. पण जैनीबाईनं गावात पुकारू दिलं नाही. तिचं म्हणणं, गावात पुकारलं तर गावातलेच ऐकणार, आणि ते तर सगळे समोर आहेत. एवढ्या मांडवात, भोंग्यातून पुकारलं तर जिथं असेल तिथं ऐकेल.

मी नाही म्हणालो. रामदासच्या गोष्टीवर माझा विश्वास नव्हता, हे मी छातीठोक सांगत होतो ना? तरी मनात पहिलं हेच आलं, की पोरगा कुठं जिवंत असला तर मी त्याला माझ्या तोंडानं जनरलच्या यादीत घालणार. नाही हो बाई, मी म्हणालो, हे नाटक आहे. तिनं वाद घातला नाही. पदरात बांधून आणलेला भात काढला, खाल्ला आणि तिथंच बसून राहिली.

यादीचा प्रवेश आला तेव्हा पूर्व पांढरी व्हायला लागली होती. आमच्या नाटकांचं हे एक आहे, शेवटच्या अंकाला खरा कोंबडा आरवतो. मांडवाच्या कनातीखालून धुकं आत सरकत होतं, बसलेल्या माणसांची कंबरेखालची बाजू दिसेनाशी झालेली. माझ्या पाठीमागे नुसतं कापलेलं शेत, तिकडे कोणी बसत नाही. नामदेवभाऊंनी साखर टाकली. चमचा फिरला. मी कुजबुजलो, पेद्रो. ते म्हणाले, “पेद्रो.” मिगेल. “मिगेल.” जैनीबाई तिथंच उकिडवी, माझ्या ओठांकडे पाहत होती.

मी कुजबुजलो, लालसू.

का, म्हणून बायकोनं पुढे विचारलं तेव्हा मी सांगितलं, कीव आली. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं सांगायला लाज वाटते. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजली, त्या पहाटे मला वाटलं, माझ्या एका शब्दानं कोणाचा तरी निकाल लागतो आहे. छान वाटलं. कॉफीत आणखी एक चमचा साखर घालताना त्यालाही असंच वाटलं असेल का, हे मी तेव्हापासून विचारतो आहे.

नामदेवभाऊ नेमाचे. कानावर पडलं ते तोंडावाटे बाहेर. “लालसू.” लोक गप्प. मी परत कुजबुजलो. “लालसू.” कनात हलली, बस. तिसऱ्यांदा कुजबुजलो. “लालसू.”

“हाव जी.”

खालच्या पट्टीतला, पुरुषाचा आवाज. दमून आलेल्या माणसाचा. मला तो माझ्या पाठीमागून आला, शेताकडून.

जैनीबाई उभी राहिली. नामदेवभाऊंनी चमचा तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. चालू प्रवेशात नटानं प्रॉम्प्टरकडे पाहायचं नसतं, आणि ते आजवर पाहत नव्हते. पुढचं वाक्य मांडीवरच्या वहीत होतं, माझ्या तोंडातून निघेना. तेव्हा भाऊंनी न सांगता एक गोष्ट केली. कागदाची घडी घातली, कोटाच्या वरच्या खिशात ठेवली, आणि सही न करता कॉफी प्याले. नाटक त्यानंतर कसं संपलं ते मला नीट आठवत नाही. बाहेर आलो तोवर जैनीबाई निघून गेली होती. आम्ही दोघातिघांनी शेतात जाऊन पाहिलं. धानाच्या तणसात पावलं उमटत नाहीत.

चौथ्या दिवशी वाचनालयात एक तिशीतला माणूस आला. रस्त्याच्या कामावर होता, अंगावर डांबराचे डाग. वर्तमानपत्र उघडून बसला, वाचत काही नव्हता. सगळे गेल्यावर टेबलाशी आला आणि हात जोडले. “माहं नाव काटा जी. मी लालसू.”

जैनीबाईचा नव्हे. अलीकडच्या गावचा, दुसराच. पेंगला होता बिचारा, झोपेत आपलं नाव तीनदा ऐकलं आणि रामदाससारखीच हजेरी देऊन बसला. मग शेजाऱ्यांनी रामदासचं काय झालं ते सांगितलं, तेव्हापासून त्याला जेवण जात नव्हतं. मी नामदेवभाऊंकडून तो कागद आणवला, त्याच्या नकळत त्यावर नाव लिहिलं, मग त्याच्यासमोर लाल पेनानं काटलं, वर वाचनालयाचा शिक्काही मारून दिला. चहा पाजला. जाताना तो हलका होऊन गेला. मी सहज विचारलं होतं, बसला कुठं होतास? उजव्या अंगाला, म्हणाला, पानटपरीशी.

उजव्या अंगाला. आणि मी तर आवाज मागून ऐकला. भोंगे मोहाच्या झाडाला मागे बांधले होते हे खरं, पण भोंग्यातून आवाज यायला समोर माइक लागतो आणि पानटपरीशी माइक नव्हता. हे मी कोणाला सांगितलं नाही. जैनीबाईला तर काहीच सांगितलं नाही. उत्तर देणारा तुझा लालसू नव्हता, हे तिच्या गावी जाऊन त्या बाईच्या तोंडावर सांगायचं मला धाडस झालं नाही. तिला निकाल द्यायला निघालो होतो आणि खोटी आशा देऊन बसलो, या विचारानं मी पुढच्या हंगामापासून वही खाली ठेवली. नाटकही बंद पडलं.

जनरलचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. त्याची बाजू जिंकली. बिल्ले मिळाले, शहरात घर मिळालं, तो अंथरुणावर म्हातारा होऊन मेला. शेवटच्या वर्षांत लिपिक त्याला भेटायला गेला, तेव्हा जनरल गॅलरीत लाल फुलांना पाणी घालत होता. घालता घालता थांबला, दुखरा गुडघा सरळ केला, टाचा जुळवल्या आणि मोकळ्या गॅलरीत स्पष्ट म्हणाला, “हजर.” लिपिकानं विचारलं, साहेब, कोण बोलावतं? जनरल म्हणाला, कोणी नाही, आणि पुढच्या कुंडीकडे वळला. हे पान मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्याचा राग आला होता. भोग म्हटलं. आता मी स्वतः धानाच्या वासानं सायकलवरून उतरून मागे वळून पाहतो.

पंधरा दिवसांमागे नामदेवभाऊ वाचनालयात आले. धानोऱ्याकडच्या त्याच मंडळाला यंदा जनरलच पाहिजे, रशीदभाईंनी कोट उन्हात टाकला, वही काढा म्हणाले. मी म्हटलं, त्याच्या आधी मला एका ठिकाणी जाऊन यायचं आहे. बसनं धानोरा, पुढे मिळेल त्या गाडीनं, शेवटचा कोसभर पायी. धुकं फिटून ऊन पडलं होतं तरी जंगलातून जाताना मी स्वतःच्याच पावलांचा आवाज ऐकत होतो. गावाच्या तोंडाशी ते दगड उभे. त्यांच्यामधून जाताना मान आपोआप खाली गेली.

जैनीबाई अंगणात होती. फार वाळली होती. तिचा दगड तसाच आडवा, अकरा वर्षांचा, त्यावर तिनं लाल मिरच्या पसरल्या होत्या. मी पाणी प्यालो, धान कसं झालं विचारलं, सून कुठे विचारलं. सुनेचं लगन त्याच वर्षी मीच गावाशी भांडून लावून देल्लं म्हणाली, दोन लेकरं आहेत तिला. असं अर्धा तास घोळवल्यावर मी एकदाचं सांगून टाकलं. त्या पहाटे हाव म्हणणारा दुसराच लालसू होता, मला चौथ्याच दिवशी कळलं होतं, आणि मी भेकड माणूस, चार वर्षं तोंड लपवून बसलो.

ती मिरच्या उलटत होती, तिचा हात थांबला नाही.

“मले मालूम हाय, भाऊ. तुमच्याकडं येच्या पह्यले तो माह्याकडं आलता.”

मी विचारलं, मग दगड का नाही उभा केला?

“जवाब आलता ना. जवाब आला तं उभा करू नाई, अशी रीत हाय.” मग पुढची मिरची उलटून म्हणाली, “कोनाचा आला, हे रीत इचारत नाई.”

मी तिथं बसून रडलो. मला त्या चौकातली माणसं आठवली, मेलेल्याचं नाव आलं की त्याच्या वतीनं हजर म्हणणारी. आपल्या लोकांना हे काय समजणार, म्हणून मी ते नाटकातून गाळलं होतं. जैनीबाईनं मला रडू दिलं, मग मिरच्या एका बाजूला सारून दगडावर थोडी जागा केली आणि तिथं हात ठेवला.

“आता मी थकली. माह्या मागं हा कोन उभा करन? यंदा जनरलले सांगा, परत बोलाव म्हना. तीनदा.” मी काही म्हणायच्या आत तिनं पुढचं सांगितलं. “त्या लालसूले मी सांगून ठेवलं हाय. यंदा चूप राहजो म्हनलं. तो हाव म्हनला.”

काल दुपारी मी नवी यादी लिहिली. पेद्रो, मिगेल, लालसू. लाल पेन टेबलाच्या खणात खोल टाकून दिलं. खेळ पुढच्या आठवड्यात आहे. तो दुसरा लालसू पानटपरीशी तोंड दाबून बसेल, जैनीबाई माझ्या ओठांकडे पाहत बसेल, नामदेवभाऊ साखर टाकतील. मी तिसऱ्यांदा नाव सांगेन, वही मिटेन, आणि पाठीमागच्या शेताकडे कान लावून बसेन. तिकडून जवाब आला तर काय करायचं, हे तिनं मला सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलं नाही.